आलेखावरचा एक ठिपका

१९७० साली एका रशियन धातुशास्त्रीय नियतकालिकात टायटॅनियम, मोलिब्डेनम आणि निकेल यांच्या मिश्रधातूंच्या यांत्रिक गुणधर्मांवर एक छोटा लेख छापून आला. त्यातल्या आलेखावरचा हा ठिपका नीट पाहा. मोलिब्डेनम आणि निकेल मिळून १ टक्का, निकेल मोलिब्डेनमच्या तिप्पट, म्हणजेच ०.२५ टक्के मोलिब्डेनम आणि ०.७५ टक्के निकेल. गंजाबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही.

१९७४ साली अमेरिकेत दाखल झालेल्या पेटंट अर्जात ०.२ ते ०.४ टक्के मोलिब्डेनम आणि ०.६ ते ०.९ टक्के निकेल असलेल्या टायटॅनियम मिश्रधातूवर हक्क मागितला होता, कारण गरम खाऱ्या पाण्यात तो गंजाला उत्तम तोंड देतो, हे अर्जदारांना आढळले होते. पेटंट कार्यालयाने हा लेख पुढे करून अर्ज फेटाळला. जिल्हा न्यायालयाने अर्जदारांच्या बाजूने कौल दिला. पण ‘टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर’ या खटल्यात १९८५ साली फेडरल सर्किट या पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने तो फिरवला. ठिपक्याचा मिश्रधातू दाव्याच्या, म्हणजे हक्क मागितलेल्या प्रमाणांच्या मर्यादेत बसतो, तेव्हा त्याच्या अंगचा गुण कुणी आधी ओळखला होता की नाही, हा मुद्दा नावीन्य ठरवताना गैरलागू आहे, असे न्यायालयाने म्हटले. मेहनतीने गुण हुडकणाऱ्या अर्जदारांबद्दल सहानुभूती वाटते खरी. पण भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(डी)देखील ज्ञात पदार्थाचा केवळ नवा गुणधर्म सापडला, तर त्याला आविष्कार मानत नाही.

पेटंटला विरोध करणाऱ्याला असा आयता ठिपका क्वचितच मिळतो. जुन्या लेखात घटकांचे प्रमाण नसून नुसती कृती असेल, तर त्या कृतीतून तो गुण अटळपणे उतरतो, हे दाखवावे लागते. ‘बहुधा उतरत असेल’ एवढ्यावर भागत नाही, असे याच न्यायालयाने १९९९ साली रॉबर्टसन प्रकरणात बजावले. त्यामुळे तापमान आणि वेळ न बदलता ती कृती प्रयोगशाळेत जशीच्या तशी करून, मोजमापे शपथपत्रावर मांडणे हा भक्कम मार्ग होय. एखादी पायरी सोयीसाठी बदलली, तर आपण बनवलेल्या पदार्थाचा गुण सिद्ध होतो, जुन्याचा नव्हे. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाकडे स्वतःची भट्टी नसते, म्हणून १९७७ च्या बेस्ट प्रकरणानुसार जुना आणि अर्जातला पदार्थ सारखेच दिसत असतील, तर फरक दाखवण्याचा भार अर्जदारावर टाकता येतो.

टायटॅनियमच्या अर्जातला तिसरा दावा नेमक्या ०.३ टक्के मोलिब्डेनम आणि ०.८ टक्के निकेलचा होता. तिथे ठिपका नव्हता. तरीही तो नाकारला गेला, कारण जुन्या प्रमाणाच्या इतक्या जवळचा मिश्रधातू तसाच वागेल, अशी अपेक्षा जाणकाराने सहज केली असती.