पापाचे दास्य आणि पुत्राने दिलेली मुक्ती

बंधूंनो आणि भगिनींनो, योहानाच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायापासून सुरुवात करू या. "सत्य तुम्हांला बंधमुक्त करील," असे प्रभू येशू म्हणाला आणि ऐकणाऱ्यांना ते झोंबले. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधीच कोणाच्या दास्यात नव्हतो, असे त्यांनी सुनावले. मिसर देशातली गुलामगिरी, बाबेलचा बंदिवास आणि त्या घटकेला डोक्यावर असलेली रोमी सत्ता, यांतले काहीच त्यांना आठवले नाही. प्रभूने तो इतिहास उगाळला नाही. जो कोणी पाप करतो तो पापाचा दास आहे, एवढेच त्याने सांगितले.

आपण पापाचा हिशेब कृत्यांत मांडतो. अमुक खोटे बोललो, तमुक वेळी हात उगारला. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याच्या पुढे जातो. त्याच्या लेखी पाप हा एक धनी आहे. तो राज्य करतो, राबवून घेतो आणि शेवटी वेतन म्हणून मरण हातावर ठेवतो. म्हणूनच त्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो कळवळून म्हणतो की जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करतो. व्यसनात अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण मत्सराने आतून जळणाऱ्याची, वर्षानुवर्षे कोणाला क्षमा न करणाऱ्याची अवस्थाही हीच असते. फक्त त्याची अब्रू शाबूत असते, आणि त्यामुळे त्याला सुटकेची गरज वाटत नाही. मला विचाराल तर हे दास्य अधिक भयंकर आहे.

पुढे मंडळीचा मोठा धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनचे उदाहरण घ्या. इ.स. 386 मध्ये मिलान शहरात असताना त्याच्या बुद्धीला ख्रिस्ताचे सत्य पटलेले होते. शंका फिटल्या होत्या. तरी जुन्या वासना सुटेनात. तरुणपणी आपण "मला शुद्ध कर, पण इतक्यात नको" अशी प्रार्थना करत होतो, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले. पटणे आणि सुटणे यांत एवढे अंतर असते. निश्चयाने ते तुटत नाही, कारण निश्चय करणारे मनच बांधलेले असते.

मग सुटका होते कशी? योहानाच्या त्याच आठव्या अध्यायाच्या आरंभी व्यभिचारात धरलेली स्त्री प्रभूपुढे उभी केली जाते. तो तिला काय म्हणतो याचा क्रम पाहा. "मीही तुला दंड ठरवत नाही," हे आधी. "जा, ह्यापुढे पाप करू नकोस," हे त्यानंतर. आपण हा क्रम नेमका उलटा करतो. आधी सुधारतो, मग देवाकडे जातो, असे ठरवतो आणि जन्मभर दाराबाहेर राहतो. ती दंडाज्ञा प्रभूने वधस्तंभावर स्वतःवर घेतली. जो त्याच्यावर विश्वास ठेवतो तो त्याच्याबरोबर मेला, असे पौल म्हणतो. आणि मेलेल्यावर जुन्या धन्याचा हक्क उरत नाही. धनी बदलला, ही सुवार्ता आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणाऱ्या जॉन न्यूटनची साक्ष मंडळ्यांतून वारंवार सांगितली जाते. 1748 च्या समुद्री वादळात तो देवाकडे वळला, इथवर सगळे सांगतात. पण त्यानंतरही काही वर्षे तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांवर होता, त्यांचा कप्तानही झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर कबुली छापली ती 1788 साली. मधल्या चाळीस वर्षांचे काय? त्याच्या जहाजांच्या तळाशी साखळदंडात माणसे होती, हे आपण गाळून टाकू नये. भोवतालचा समाज ज्या पापाला प्रतिष्ठित धंदा मानतो ते पाप विश्वासणाऱ्यालाही दिसत नाही. क्षमा एका क्षणी मिळते. पवित्र आत्मा मात्र पुढे आयुष्यभर एकेक कोपरा उघडा करत जातो, आणि तिथे आपण दार अडवून उभे राहिलो तर त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने असे दार अडवले नाही. प्रभू घरी आला त्याच दिवशी, ज्याचे अन्यायाने घेतले त्याचे चौपट परत करतो, असे तो म्हणाला.

म्हणून पाप लपवू नका. आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब आपल्या पत्रात सांगतो. आपल्याकडे प्रार्थना भरपूर होते, कबुली फारशी होत नाही. एक भरवशाचा, तोंड बंद ठेवणारा विश्वासू माणूस शोधा आणि त्याला खरे सांगा. अंधारात पापाचा जोर वाढतो.

आणि जो पुन्हा पडला आहे, "माझा विश्वासच खोटा होता" असे ज्याचे मन त्याला खात आहे, त्याने योहानाचे पहिले पत्र आजच काढून वाचावे. तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, असे तो म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की कोणी पाप केले तर येशू ख्रिस्त हा पित्याजवळ आपला कैवारी आहे. हे पत्र बाहेरच्यांना लिहिलेले नाही, विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे. ते पडतील हे लिहिणाऱ्याला माहीत होते, आणि तरीही तो त्यांना "माझ्या मुलांनो" म्हणतो.