कोलट्रेन ऐकायचाय? आधी काफी लावा

नमस्कार मंडळी. पेटी जवळ घ्या, मोबाईलवर तानपुरा पांढरी दोनला (म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी) लावा. आज जॅझवादक जॉन कोलट्रेनचा सॅक्सोफोन काफी थाटातून ऐकायचाय. अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात षड्ज धरून ऐकायची सवय आहेच, तीच इथं कामाला येते.

माणूस १९२६ चा, अमेरिकेतल्या हॅम्लेट गावचा. १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याला आपल्या संचात घेतलं, १९५७ मध्ये हेरॉइनपायी काढूनही टाकलं. त्याच वर्षी व्यसन सोडून तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवू लागला, आणि १९५८ मध्ये माइल्सकडे परतला. १९६७ मध्ये, अवघ्या चाळिशीत, यकृताच्या कर्करोगानं गेला.

२ मार्च १९५९ ला माइल्सच्या संचाचं 'सो व्हॉट' मुद्रित झालं. चक्र ३२ बारांचं, बार चार मात्रांचा. पहिले १६ बार पांढरी दोनचा काफी, गंधार-निषाद कोमल. मग ८ बार तोच काफी काळी दोनला, शेवटचे ८ परत खाली. तानपुरा चालूच ठेवा. मधल्या ८ बारांत, साधारण १४ सेकंद, तो खटकेल, कारण षड्जच अर्धा स्वर वर गेलेला असतो. तो खटका ओळखू आला की चक्र हाताला लागलं. कोलट्रेन माइल्सनंतर येतो, सव्वातीन मिनिटांच्या पुढं. (बँडमधल्या टेनर सॅक्सोफोनवाल्यांनो, तुमचं वाद्य बी फ्लॅटचं, पांढरी दोन हवी तर बोटं ई ची धरा.)

दोनच महिन्यांनी त्यानं 'जायंट स्टेप्स' मुद्रित केलं. आता तानपुरा बंद करा, कारण इथं षड्जच तीन आहेत: पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. काळ्या-पांढऱ्या मिळून दर वेळी चार घरं खाली. १६ बारांत २६ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), मिनिटाला २८० च्या आसपास मात्रा. दोन सेकंदांत तिन्ही षड्ज येऊन जातात. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक त्या रेकॉर्डवर अडखळलेला स्पष्ट ऐकू येतो. कोलट्रेननं मात्र सा रे ग प असे चार-चार स्वरांचे तुकडे प्रत्येक षड्जावर घोटून ठेवले होते.

तुम्ही ६० च्या लयीत सुरू करा. पांढरी सातवर सा रे ग प, मग पांढरी पाचवर, मग काळी दोनवर, पुन्हा सातवर. चूक बहुतेक रिषभावर होते, कारण कान मागच्या पट्टीतच अडकलेला असतो. उपाय गंधारात आहे: मागचा सा हाच नव्या पट्टीचा ग. तो आधी गुणगुणा, मग नवा सा दाबा.