उसनं घेतलेलं मत

श्रोतेहो, नमस्कार. कुठल्याही पक्षाची हक्काची मतं ठरलेली असतात. सत्ता मिळते ती समोरच्या बाजूनं आलेल्या मतांवर. ही मतं येतात कशी आणि जातात कशी, हा आजचा विषय. त्यासाठी मला एक हकीकत सांगायचीच आहे.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरात बोल्सोव्हर नावाचा मतदारसंघ आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९५० साली मतदारसंघ झाला तेव्हापासून तिथून निवडून यायचा तो मजूर पक्षच. डेनिस स्किनर, स्वतः जुने खाणकामगार, १९७० पासून ४९ वर्षं तिथले खासदार. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारनं मोडून काढला, आणि त्या हुजूर पक्षाच्या. तेव्हा या भागात हुजूर पक्षाला मत देणं किती अवघड, हे तुम्हीच ओळखा.

तरीही डिसेंबर २०१९ मध्ये बोल्सोव्हरनं हुजूर पक्षाचा खासदार निवडला! युरोपीय संघातून बाहेर पडा, असा कौल या लोकांनी २०१६ साली दिला होता. तीन वर्षं झाली, काही घडेना. उलट मजूर पक्ष पुन्हा सार्वमत घेण्याची भाषा करू लागला. दिलेला कौल मोजलाच जात नाही असं दिसलं, की घरचा मतदारही उठून जातो.

हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना देशभरात ३६५ जागा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, की फुली मारताना तुमचा हात थरथरला असेल, कदाचित हे मत तुम्ही आम्हाला उसनं दिलं असेल. मला हे बोलणं फार आवडतं. विजयाच्या सकाळी असं कबूल करायला मोठं मन लागतं. आपल्याकडच्या विजयसभांत ढोल-गुलालाच्या गदारोळात हे कधी ऐकू येत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. माझं तर म्हणणं आहे, की निवडून आल्यावर पहिली सभा जिथे सगळ्यात कमी मतं पडली, त्याच वस्तीत घ्यावी.

तर, मत उसनं होतं. उसनं होतं, हे लक्षात ठेवा.

पुढे कोरोना आला. अंत्यविधीला तीसच माणसं, असा नियम. एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप गेले. अंत्यविधीला विंडसरच्या चॅपलमध्ये राणी एकट्या बसल्या, मास्क लावून, शेजारी कुणी नाही. आणि आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या निरोपाच्या पार्ट्या झाल्या होत्या! जॉन्सन स्वतः तिथे नव्हते, पण कार्यालय त्यांचं. हे उघड झालं जानेवारी २०२२ मध्ये, आणि राजवाड्याची माफी मागावी लागली. एप्रिलमध्ये, २०२० च्या एका वेगळ्या जमावाबद्दल, खुद्द जॉन्सन यांना पोलिसांनी दंड केला. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला.

घरच्या माणसानं पैसे बुडवले तर आपण गप्प बसतो, शेजाऱ्यानं उसने बुडवले तर विसरत नाही. पक्षाचा जुना मतदार नेत्यासाठी सबबी शोधतो. पलीकडून आलेल्याला सबबींची गरज नसते. त्याला धोरण चुकलेलं एकवेळ चालतं. नियम आम्हाला एक आणि तुम्हाला एक, हे चालत नाही. पुन्हा सांगतो, हे चालत नाही.

२०२४ मध्ये हुजूर पक्ष १२१ जागांवर आला. बोल्सोव्हर पुन्हा मजूर पक्षाकडे गेलं. पण देशभरातली मजूर पक्षाची मतं पाहा: साधारण ३४ टक्के, आणि मतदान झालं जेमतेम ६० टक्के. म्हणजे हुजूर पक्षाला सोडून गेलेले सगळेच काही मजूर पक्षाकडे परतले नाहीत. काही तिसऱ्याच पक्षाकडे गेले, काही घरीच बसले. या घरी बसलेल्यांच्या दारी आता कोण जाणार, हे मला दोन्ही पक्षांना विचारायचं आहे.