मंदी आली की राज्याची कामं आधी का थांबतात?

नमस्कार.

४ मे २०२०. टाळेबंदी सुरू होऊन सहा आठवडे झालेत. महाराष्ट्राच्या वित्त विभागाचा एक शासन निर्णय निघतो. विकास योजनांसाठी जेवढी तरतूद होती, त्यातले ३३ टक्केच मिळतील. नवीन कामं सुरू करायची नाहीत. आरोग्य सोडलं तर नोकरभरती बंद.

म्हणजे लोकांनी खर्च थांबवला, कारखान्यांनी थांबवला, आणि सरकारनंही थांबवला. मंदीत सरकारनं खर्च वाढवावा असं अर्थशास्त्र सांगतं. मग राज्य नेमकं उलटं का वागलं? हे महाराष्ट्रापुरतंच नाही. मंदीत कुठल्याही राज्याची हीच अडचण होते, म्हणून ती नीट समजून घेऊ.

[पडद्यावर: राज्याचं उत्पन्न आणि खर्च, दोन स्तंभ]

राज्याचं स्वतःचं उत्पन्न येतं कुठून? जीएसटीतला वाटा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, घरखरेदीचं मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क. टाळेबंदीत दुकानं बंद, गाड्या उभ्या, नोंदणी कार्यालयं बंद. चारही नळ एकदम आटले. इकडे खर्चाच्या स्तंभात पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज. हे तिन्ही टाळता येत नाहीत. मग कात्री लागते कशाला? रस्ता, बंधारा, शाळेची नवी खोली. यांना आज पैसे नाही दिले तर उद्या कोणी मोर्चा काढत नाही. भांडवली खर्च, म्हणजे अशा टिकाऊ कामांवरचा खर्च, सगळ्यात आधी कापला जातो तो यामुळे.

केंद्राचं तसं नाही. केंद्र मोठं कर्ज काढू शकतं. केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवलेला खर्च, २०१९-२० मध्ये जीडीपीच्या ४.६ टक्के होती, ती २०२०-२१ मध्ये ९.२ टक्क्यांवर गेली. मात्र हा सगळा आकडा मंदीवरच्या उपायांचा नाही. करवसुली आणि जीडीपी दोन्ही घटले, त्यामुळेही टक्केवारी फुगली. शिवाय अन्न महामंडळानं अल्पबचत निधीतून घेतलेली जुनी कर्जं आधी केंद्राच्या बजेटबाहेर होती, ती त्याच वर्षी बजेटवर आणली गेली. अन्न अनुदानाची मूळ तरतूद १.१५ लाख कोटींची होती, सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष संपता संपता बदललेल्या आकड्यात, ती ४.२२ लाख कोटी झाली. त्यातला मोठा भाग या जुन्या उधारीचा होता. तुटीचा आकडा बघून ‘किती खर्च केला’ असं कोणी सांगत असेल, तर त्याला आधी एवढं विचारा.

राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल, तर घटनेच्या कलम २९३ प्रमाणे नवीन कर्जाला केंद्राची संमती लागते. वर्षभरात काढायच्या कर्जाची मर्यादा होती राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्के. मे २०२० मध्ये केंद्रानं ती ५ टक्के केली. पण वरच्या २ टक्क्यांपैकी बिनशर्त फक्त अर्धा टक्का. १ टक्का पाव-पाव टक्क्यानं, चार सुधारणांना बांधलेला: एक देश एक रेशनकार्ड, उद्योगांसाठी सुलभ परवाने, वीज वितरण आणि नगरपालिकांचं उत्पन्न. चारपैकी तीन केल्या तर उरलेला अर्धा टक्का. सुधारणा चांगल्याच आहेत. पण घरात पीठ संपलेलं असताना ‘आधी घर रंगवा, मग उसनं देतो’ असं म्हणण्याची ती वेळ होती का? माझ्या मते नव्हती. बिनशर्त भाग मोठा हवा होता.

आता पैसा मिळाला असं धरू. तरी रस्त्याचा पैसा बाजारात लगेच येत नाही. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतो, तेव्हा कुठे बिल निघतं. यात महिने जातात. म्हणून मंदीच्या पहिल्या महिन्यांत मजुरीचा पैसा जास्त कामाचा. मनरेगाची तरतूद ६१,५०० कोटींवरून सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर नेली, ती यासाठीच. या योजनेचं मूळ १९७२ च्या दुष्काळातल्या आपल्या रोजगार हमीत आहे, आणि त्या रोहयोसाठी महाराष्ट्रानं पगारदारांवर व्यवसाय कर बसवला होता.

एक छोटी गोष्ट जवळून बघा. ठेकेदाराला काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव भरावी लागते, तेव्हा ती ५ ते १० टक्के होती. १० कोटींचं काम आणि १० टक्के ठेव, म्हणजे १ कोटी अडकले. बँक हमी दिली तरी बँक त्यावर मार्जिन धरते, म्हणजे काही रक्कम अडकवून ठेवते. मंदीत त्याच पैशातून मजुरांची हजेरी आणि सिमेंटचं बिल भागवायचं असतं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं ही ठेव ३ टक्क्यांवर आणली. १ कोटीचे ३० लाख झाले. सरकारी तिजोरीतून एक रुपया न जाता ठेकेदाराच्या हातात ७० लाख मोकळे. मला हा उपाय मोठमोठ्या पॅकेजांपेक्षा हुशारीचा वाटतो.

मग १२ ऑक्टोबर २०२० ला जाहीर झालं राज्यांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज. सुरुवात १२,००० कोटींपासून, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत भांडवली कामांवरच खर्च करायची अट. अर्धी रक्कम आधी, ती वापरली की उरलेली. परतफेड ५० वर्षांनी एकरकमी. ७ टक्के व्याजदर धरून हिशेब करा: ५० वर्षांनी द्यायच्या १०० रुपयांची आजची किंमत भरते ३ रुपये ४० पैसे. नाव कर्जाचं, पण जवळजवळ अनुदानच. पुढे २०२२-२३ मध्ये या योजनेची तरतूद १ लाख कोटी झाली, २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला, राज्य हे पैसे घेऊन तेवढाच स्वतःचा भांडवली खर्च कमी करू शकतं. तसं झालं तर रस्ते तेवढेच राहतात, फक्त पैसा कोणाचा ते बदलतं. दुसरा, मोजणीतला. २०२४-२५ च्या बजेटात केंद्राचा भांडवली खर्च ११.११ लाख कोटी दाखवला, त्यात हे दीड लाख कोटीही धरलेत. तेच पैसे राज्याच्या बजेटात परत भांडवली खर्च म्हणून दिसतात. दोन्ही बेरजा जोडल्या की एकच पूल दोनदा मोजला जातो.

आपल्या राज्यात काय झालं ते तपासायचं असेल, तर बजेटच्या भाषणावर थांबू नका. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ उघडा, भांडवली खर्चाची ओळ शोधा आणि तीन रकाने शेजारी ठेवा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष रक्कम. प्रत्यक्ष रक्कम दोन वर्षांनी छापली जाते, म्हणून २०२०-२१ साठी २०२२-२३ चं पुस्तक लागेल. मग महालेखापालांचे मासिक आकडे घ्या आणि डिसेंबरपर्यंत किती खर्च झाला ते बघा. एकट्या मार्चमध्ये ढीगभर खर्च दिसला, तर ते मार्च एंडिंग आहे, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी संपवायची घाई. त्यातली किती कामं जमिनीवर उभी राहिली, हे तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जाऊनच कळेल.