ईद्राच्या धक्क्यावर पाठमोरे

नमस्कार श्रोतेहो.

ग्रीसमधल्या ईद्रा बेटावर शिडाची बोट घेऊन जायचं असेल, तर जेवणाच्या वेळेआधी पोहोचा. उन्हाळ्यात दुपारनंतर धक्क्याला जागा उरत नाही. मग दुसऱ्याच्या बोटीपुढे आपली बोट बांधायची आणि रात्री गावात जेवून परतताना चपला हातात घेऊन अनोळखी लोकांच्या डेकवरून चोरपावलांनी यायचं. आम्ही अकरालाच पोहोचलो होतो, पण आमची फजिती ठरलेलीच होती.

इंग्रजी नकाशात या बेटाला 'हायड्रा' म्हणतात, ग्रीक माणूस 'ईद्रा' म्हणतो. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून जलद फेरीनं दोन तासांच्या आत इथं येता येतं. आम्ही चौघं भाड्याच्या चाळीस फुटी बोटीतून, वाटेत मुक्काम करत आलो. परवाना एकाकडेच, म्हणून तोच तांडेल.

बंदर एवढंसं. बोटी आडव्या लावल्या तर चार-पाचांतच धक्का संपेल, म्हणून तिथं बोट पाठमोरी लावतात. धक्क्यापासून चार-पाच बोटींच्या लांबीवर पुढचा नांगर टाकायचा, साखळी सोडत उलटं यायचं आणि मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांत ओवायचे. पुढून नांगर ओढतो, मागून दोर ओढतात आणि बोट मधे वाळत घातलेल्या धोतरासारखी ताणलेली. मागं फळी टाकली की उतरा गावात. आपल्याकडे हे जमायचं नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, दोर तुटतील नाहीतर फळी उभी राहील. तिथं भरती-ओहोटी असते वीत-दोन वीत.

सांगायला सोपं आहे. पण उलटं जाताना इंजिनाचा पाण्यातला पंखा बोटीची पाठ एका अंगाला ओढतो आणि वारा नाक दुसरीकडे फिरवतो. समोर कॉफीचे कप घेऊन बसलेले लोक फुकटचा तमाशा बघत असतात. आमचा तिसरा प्रयत्न लागला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

वारा म्हणजे तिकडचा 'मेल्तेमी'. जुलै-ऑगस्टात, आभाळ लख्ख निळं असताना उत्तरेकडून सुटतो. तुर्कस्तानवर उन्हाळ्यात हवेचा दाब कमी होतो आणि हा कमी दाबाचा पट्टा थेट आपल्या मोसमी पावसाच्या पट्ट्याशी जोडलेला असतो. म्हणजे इकडे आपण छत्र्या उघडतो, तिकडे ते शिडं आवळतात. ईद्राच्या बाजूला त्याचा जोर जरा कमी, पण बंदराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे लाटा आत शिरतातच.

बेटावर मोटारींना बंदी आहे. कचऱ्याचा ट्रक वगैरे मोजके अपवाद. सामान वाहतात खेचरं. धक्क्यावर एक खेचर पाठीवर कपडे धुण्याचं यंत्र घेऊन शांतपणे उभं होतं. वर चढत गेलेले करड्या दगडाचे वाडे धान्याच्या पैशावर उभे राहिलेत. नेपोलियनच्या युद्धांत इथल्या जहाजांनी ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून धान्य पोहोचवलं आणि बेट गबर झालं. तीच जहाजं 1821 मध्ये ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्कांच्या ऑटोमन आरमारावर चालून गेली. त्यांचा सेनानी आंद्रेयास मियाऊलिस. जून महिना सरता सरता त्याच्या नावानं बंदरात उत्सव होतो. बेटाच्या नावाचा संबंध पाण्याशी जोडतात, पण बेट कोरडं. जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत. बदामाची पिठीसाखर लावलेली मिठाई मात्र आम्ही दोन डबे संपवली.

फजिती दुसऱ्या सकाळी झाली. नांगर उचलायला विजेचा रहाट सुरू केला तर तो कण्हायला लागला. आमच्या नांगरावर शेजारच्या इटालियन बोटीची साखळी लोंबकळत वर आली. दोष आमचाच, आम्हीच तिरका टाकला होता. अशा वेळी ओढाताण करायची नाही. त्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोकं आपल्या डेकवर आवळायची, म्हणजे तिचं वजन दोरावर येतं. मग आपला नांगर हातभर खाली सोडायचा, की तो मोकळा होतो. तो बाजूला सरकला की दोराचं एक टोक सोडून द्यायचं. साखळी धबाक्कन पाण्यात. आधी हातवारे करणारे ते इटालियन गृहस्थ आता कॉफीचा कप उंचावून हसत होते.

आम्ही बंदराच्या तोंडाशी पोहोचून मागं पाहिलं. आमच्या जागेत नवी बोट पाठमोरी येत होती आणि तिनं नांगर टाकला तो बरोबर त्याच साखळीवर.