जुनं गीत पियानोवर रेकॉर्ड करताना: आधी श्वास, मग माइक

[पियानोशेजारी, कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. उपासनेतलं एखादं जुनं गीत घ्यायचं, पियानोवर त्याची स्वतःची मांडणी करायची आणि घरीच नीट रेकॉर्ड करायचं, हा आजचा विषय. बहुतेक जण सुरुवातीलाच विचारतात, माइक कोणता घेऊ? पण रेकॉर्डिंग फसतं ते माइकच्या आधी, मांडणीत.

उदाहरणाला 'अबाइड विथ मी' घेऊ. दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट या सैनिकी बँडच्या सोहळ्यात ती 2021पर्यंत वाजत असे, त्यामुळे ही चाल चर्चबाहेरच्यांनाही ओळखीची आहे. विल्यम हेन्री मंक यांनी ती 1861 मध्ये बांधली, चालीचं नाव 'इव्हनटाइड'. कडव्याच्या चार ओळी, प्रत्येक ओळ चार बारची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा खंड), म्हणजे कडवं 16 बारचं. गीतपुस्तकात ती बहुधा ई फ्लॅट या पट्टीत असते. ई फ्लॅटला सा धरा, की पहिली ओळ येते: ग ग रे सा, प, ध प प म ग.

[उजव्या हाताने फक्त चाल]

आता खरी अडचण. पुस्तकातली स्वरलिपी सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार गळ्यांसाठी लिहिलेली आहे. गळा सूर धरून ठेवतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. म्हणून पानावरचं जसंच्या तसं वाजवलं, की ओळीच्या शेवटच्या 'ग'वर चार मात्रा पोकळ वाटतात. ती पोकळी सहन होत नाही आणि वाजवणारा पुढची ओळ घाईने उचलतो. ऐकणारा मनातल्या मनात गात असतो, त्याला श्वासच मिळत नाही.

उपाय असा: वरचा 'ग' तसाच राहू द्या आणि डावा हात चालता ठेवा. सा, प, सां, एकेका मात्रेवर, सावकाश. चौथ्या मात्रेवर काहीही वाजवू नका. ती मात्रा मंडळीच्या श्वासाची.

[चौथा बार दोनदा: आधी पुस्तकाप्रमाणे, मग डावा हात चालवून]

बास एक सप्तक खाली नेला तर पियानो भरून वाजतो. मात्र मधल्या सीच्या खाली जो सी आहे, त्याच्याही खाली सा आणि ग एकत्र दाबू नका, गढूळ वाजतं. तिथे सा-प किंवा सा-सां पुरे.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम येतो आणि चाल पंचमावर विसावते. तिथल्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर: एफ सेव्हन, मग बी फ्लॅट. नवेपणासाठी तिथे वेगळी कॉर्ड घातली, तर तो तीव्र मध्यम परका वाटतो आणि विसावाच हरवतो. या जागेला हात लावू नका. बदल करायचे तर तिसऱ्या ओळीत करा. तिची सुरुवात पहिलीसारखीच आहे, त्यामुळे बदललेली कॉर्ड लगेच कळते.

तीन कडवी पुरतात. पहिलं साधं, दुसऱ्यात चाल खाली, टेनर गळ्याच्या उंचीवर, तिसरं भरगच्च. शेवटचं कडवं अर्ध्या सुराने वर चढवायचा मोह होतो. हे संध्याकाळचं गीत आहे, त्याला ती चढाई शोभत नाही.

मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, सरावापुरता, मिनिटाला 66 ते 72 मात्रांच्या दरम्यान. रेकॉर्ड करताना बंद, कारण क्लिकवर वाजवलं की ती मोकळी मात्रा आखडते. पूर्ण गीत सलग तीनदा वाजवा. जोडकाम लागलंच तर ते ओळीच्या शेवटी, पेडल सुटलेलं असताना. शेवटच्या सुरानंतर दहा सेकंद हात हलवू नका.

डिजिटल पियानो असेल तर हेडफोनच्या नाही, लाइन आउटच्या डाव्या-उजव्या दोन्ही सॉकेटमधून केबल ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याला द्या. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. आधी सगळ्यात जोरकस कडवं वाजवून लेव्हल लावा, टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये राहू द्या. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा तिथेच दोष असतो.

अपराइट, म्हणजे उभा पियानो असेल तर त्याचं वरचं झाकण उघडा. तारांपासून 25 सेंटीमीटर उंचीवर दोन कंडेन्सर माइक, आणि दोघांमधलं अंतर त्याच्या तिप्पट, 75 सेंटीमीटर. मग मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही माइकचा आवाज एकत्र करून ऐका. बास पातळ झाला तर एक माइक थोडा सरकवा.

आणि नागपूरचा कूलर! मे महिन्यात आपला बंद केला तरी शेजारचा घरघरतोच. पहाटेच रेकॉर्ड करा, फरशीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. एरवीही कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नका. ओलाव्याने लाकूड फुगतं आणि सूर सरकतात. पावसाळ्याचंही तेच, म्हणून पहिल्या सरीबरोबर ट्यूनर बोलावू नका. दोन-तीन आठवडे लाकडाला स्थिरावू द्या.

हक्कांचं थोडक्यात. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. मंक 1889 मध्ये वारले, मराठी ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये. त्यांच्या रचना मोकळ्या आहेत. 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट'चे इंग्रजी शब्द लिहिणारे स्टुअर्ट हाइन 1989 मध्ये वारले, तिथे परवानगी लागते. दुसऱ्याची अलीकडची छापील मांडणी वाजवली, तर मूळ चाल कितीही जुनी असो, ती मांडणी त्याची असते. व्हिडिओखाली चालीचं नाव, संगीतकार, वर्ष आणि 'मांडणी व वादन स्वतःचं' एवढं लिहून ठेवा. कुणी हक्काचा चुकीचा दावा केला तर उत्तरात हेच लागतं.

आता पहिलं कडवं ऐका. कान चौथ्या बारच्या शेवटच्या मात्रेवर ठेवा.

[पूर्ण कडवं, शेवटचा सूर विरेपर्यंत कॅमेरा चालू]