तीळ तसाच राहू दे

[कालव्याकाठची वाट. वाऱ्यानं पदर उडतोय.]

सप्टेंबर महिना, संध्याकाळचे साडेसहा. न्यू जर्सीतला डेलावेअर अँड रॅरिटन कालवा. 1834 मध्ये तो सुरू झाला आणि कोळशानं भरलेल्या होड्या यातून जाऊ लागल्या. त्या ओढणारी खेचरं ज्या वाटेनं चालायची, त्याच वाटेवर आज सतरा वर्षांची एक मुलगी आजीची हिरवी इरकल नेसून उभी आहे. आई तोंडात पिना धरून निऱ्या सारख्या करतेय.

मुलगी बारावीत आहे. अमेरिकेत शाळेच्या या शेवटच्या वर्षाला सीनियर इयर म्हणतात, आणि त्या वर्षी हौसेनं काढून घेतात ते सीनियर पोर्ट्रेट.

[शाळेच्या यरबुकची पानं.]

यरबुक म्हणजे त्या वर्षीच्या मुलांचं स्मरणपुस्तक. 1806 मध्ये येल कॉलेजात निघालेल्या अशा पुस्तकात चेहऱ्यांच्या नुसत्या काळ्या छायाकृती होत्या. आता पानभर रंगीत फोटो असतात. बऱ्याच शाळांत हे काम एकाच स्टुडिओला दिलेलं असतं. एकच पडदा, मुलींच्या खांद्यांवर तेच काळं वस्त्र, पाच-दहा मिनिटांत पुढची मुलगी. हिचाही तो फोटो उन्हाळ्यात झाला.

बाबा म्हणाले, "एक काढलाय ना? मग परत कशाला?"

[जेवणाचं टेबल, लॅपटॉप. मायलेकी शेजारी शेजारी.]

एप्रिलपासून रोज रात्री भांडी आवरली की या दोघी इथे फोटोग्राफर शोधत बसायच्या. पहिल्या फोटोग्राफरचं सगळं काम दुधात बुडवल्यासारखं. पांढरं आकाश, पांढरे कपडे, गोऱ्या मुली. एक सावळा चेहरा सापडला, तोही पीठ फासल्यासारखा. दुसऱ्याकडे सगळं नारिंगी. झाडं, दगड, माणसं, सगळ्यांवर एकच रंग चढवलेला. तिसरीच्या कामात सावळी, काळी मुलं होती, पण प्रत्येकाचा एखादाच फोटो. आईनं तिला फोन करून एवढंच मागितलं: आमच्या मुलीच्या रंगाच्या एका तरी मुलीचं पूर्ण सेशन दाखवा. पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत.

फोटोग्राफर निवडताना यापेक्षा नेमका प्रश्न नाही, असं आम्हाला वाटतं. एक फोटो नशिबानंही चांगला येतो. साठ फोटोंत, ऊन-सावली बदलत असताना, कातडीचा रंग तोच राहिला तर ते काम येणाऱ्याचं.

[जुनं कार्ड. रंगीत पट्ट्या, मध्ये एक गोरी स्त्री.]

या बाईकडे नीट बघा. 1950च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना अशी कार्डं पुरवत असे. सुरुवातीच्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून ही शर्ली कार्डं. हिचा रंग बरोबर उमटला की मशीन बरोबर लागलं, असा हिशोब. शाळेच्या ग्रुप फोटोत गोरी मुलं छान यायची, आणि शेजारच्या काळ्या मुलांचे फक्त डोळे न् दात दिसायचे. त्यांच्या आयांनी तक्रारी केल्या. कंपनीनं फिल्म सुधारायचं मनावर घेतलं, ते मात्र चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले कुरकुरू लागल्यावर. त्यांच्या जाहिरातीत गडद आणि फिकट तपकिरी वेगळे दिसत नव्हते. तीन वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एका कार्डावर यायला 1990चं दशक उजाडलं.

[पिवळा पडलेला पासपोर्ट साइज फोटो, आईच्या हातात.]

हा आईचा फोटो, दहावीनंतर सांगलीत काढलेला. स्टुडिओवाल्यानं न विचारता चेहरा उजळून दिला. गळा सावळा, चेहरा गोरा. घरात सगळ्यांना आवडला. पुढे स्थळांना हाच पाठवला.

[पुन्हा कालवा. ऊन तिरपं झालंय.]

आता निवडलेली फोटोग्राफर बाई काय करतेय ते बघा. आधी मुलीच्या हातात एक करडं कार्ड देऊन त्याचा फोटो घेतला. घरी गेल्यावर रंग याच्यावरून जुळवायचे. मग मुलीला गवतातून उचलून खडीवर आणलं, कारण गवतावरून उसळणारा उजेड हनुवटीखाली हिरवट छटा आणतो, आणि साडीही हिरवीच. चेहऱ्यावर उजेड परतवणारा सोनेरी रिफ्लेक्टर बॅगेतच ठेवला, त्यानं सावळा रंग नारिंगी होतो. पांढरा उघडला. आई तो धरून उभी राहिली, हात भरून आले तरी खाली घेतला नाही.

पैशांचं आणि हक्कांचं आधीच लिहून घेतलंय. सेशनचे पैसे वेगळे, फोटोंचे वेगळे, हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. आणि अमेरिकेतल्या कायद्यानं, वेगळा करार नसेल तर फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुकानदार प्रत छापून द्यायला नकार देऊ शकतो.

रिटचिंगचंही ठरलंय. पुटकुळी काढायची, ती आठवड्यात जाणारच. गालावरचा तीळ ठेवायचा.

"आणि रंग?" फोटोग्राफरनं विचारलं होतं. उत्तर मुलीनंच दिलं. "आहे तो."

[सूर्य झाडांमागे. शटरचे आवाज.]

फोटो तीन आठवड्यांनी आले. यरबुकात छापला जाईल तो शाळेच्या स्टुडिओतलाच. बाबांनी ऑफिसात न्यायला एक मागून घेतला.

[सांगली, सकाळ. आजीच्या हातात फोन. आजी दोन बोटांनी फोटो मोठा करते, गालापाशी थांबते. निवेदन नाही.]